नंदे, बारकी की दांडगी?

नंदे, मला भीती वाटते आहे. हे तुला नव्याने सांगायची गरज नाही. माझी भीती तू माझ्याआधी ओळखायचीस. समोरून चेंडू घेऊन एखादी धिप्पाड फॉरवर्ड यायला लागली की मी काही बोलायच्या आत मागून तुझा घोगरा आवाज यायचा, "जा वैजे! मागं मी हाय!" मग मी जायचे. डोळे चेंडूवर, हॉकीची स्टिक खाली आणि पाठ तुझ्या भरवशावर. मागे वळून बघायचं नाही, हा आपला नियम होता. हाक आली तर जायचं, नाही आली तर जागा सोडायची नाही. आठवीपासून कॉलेज संपेपर्यंत सोलापूरच्या मुरमाड मैदानांवर आपण दोघी बचावाला उभ्या राहिलो, त्या एवढ्या एका नियमावर.

आता हाक येत नाही, आणि मी आहे तिथेच उभी आहे.

तुमच्या लिंगायतांच्या रीतीप्रमाणे तुला बसवून नेलं आणि बसवूनच माती दिली. मी बायकांच्या घोळक्यात होते. सगळ्या रडत असताना मला मात्र तुझा राग आला. उभ्या जन्मात तू कधी बसली नाहीस. राखीव खेळाडूंच्या बाकावर नाही, कोच झाल्यावर खुर्चीवरही नाही. शाळा आपल्यासाठी प्लास्टिकच्या दोन खुर्च्या मांडायची, तर तुझ्या खुर्चीवर पोरींची दप्तरं असायची. आणि आता एवढी निवांत बसलीस होय, असं ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. माझा आवाज कुठे मोठा आहे?

मोठं सगळं तुझ्याकडे होतं. उंची, खांदे, आवाज, हसणं. कॉलेजातली पोरं तुला 'भिंत' म्हणायची आणि मला 'भिंतीवरची पाल'. मला रडू यायचं, तर तू म्हणायचीस, "अगं, पाल चांगलीच की. एक माशी सुटत न्हाय तिच्याकडनं." अक्कलकोटच्या पलीकडच्या गावातून शिकायला आलेली तू, निम्मी मराठी, निम्मी कन्नड. मी मास्तरांच्या घरातली, जपून बोलणारी, जपून चालणारी. मी घाबरले की "अंजब्याड, अंजब्याड" म्हणत तू पाठीत थाप मारायचीस. भिऊ नको म्हणायची तुझी ही तऱ्हा अशी, की चेंडू परवडला पण थाप नको. ती थाप आठवून परवा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये एकटीच हसले, आणि मग दार लावून घ्यावं लागलं.

लोकांना आपला तो जन्माचा वाद कधी समजलाच नाही. मी शाळेत खेळाची शिक्षिका झाले. तू लग्न होऊन अक्कलकोट रोड एमआयडीसीत सासरच्या टॉवेलच्या कारखान्यात नवऱ्याच्या बरोबरीने उभी राहिलीस, आणि संध्याकाळी स्कूटीवरून माझ्या मुलींना हॉकी शिकवायला येऊ लागलीस. तेव्हापासून वाद सुरू. बचावाला पोरी कशा पाहिजेत? मी म्हणायचे, दांडग्या. उंच, रुंद, धक्का बसला तरी न हलणाऱ्या. तू म्हणायचीस, बारक्या. "सण्ण हुडगी पाहिजे गं, बारकी पोरगी. दांडगीला वळायला येष्टीएवढी जागा लागती." दारातून वाकून आत येणारी बाई बारक्यांची वकिली करतेय, आणि खुर्चीवर बसल्यावर जिचे पाय जमिनीला लागत नाहीत ती दांडग्यांची! बघणाऱ्यांना करमणूक होती.

हा वाद आपण टपरीवर चहा गार होईपर्यंत घातला. तुझ्या कारखान्यात मागांच्या खडखडाटात ओरडून ओरडून घातला. तुझ्या गिरिजाच्या बारशाला पाळण्याच्या दोन बाजूंना उभं राहूनसुद्धा घातला. तू पाळण्यात डोकावून म्हणालीस, "बारकी हाय. बॅक होणार." मी म्हटलं, "आईवर जाऊ दे, अंगानं भरू दे, मग होईल." पोरगी तुझ्यावर गेलीच नाही. दहावीत आली तरी कंडक्टर तिला हाफ तिकीट विचारतो. आणि तू तिला बॅक केलीसच, वर पेनल्टी कॉर्नरला पहिली धावणारी केलीस.

नव्या मुलींच्या आयांना मी पेनल्टी कॉर्नर समजावून सांगायला लागले की तू मला डोळ्यांनी दटावायचीस. मी आपली सरळ सांगायचे की आपल्या गोलपाशी आपल्या पाच जणी उभ्या असतात, समोर डीच्या, म्हणजे गोलपुढच्या अर्धगोलाच्या, टोकाशी त्यांची सगळ्यात जोरात मारणारी असते, आणि चेंडू तिच्याकडे निघाला की आपल्यातली एक तिच्यावर थेट धावून जाते, फटक्याची वाट अडवायला. "असलं सांगितलंस तर कोण आई पोरगी पाठवंल?" तू नंतर म्हणायचीस. पण खोटं होतं का ते? त्या धावणारीची भीती मला रोज वाटायची. तुलाही वाटत असणार, नाहीतर कारखान्यात नापास झालेले जाडजूड टॉवेल फाडून, थरावर थर ठेवून तू त्यांच्या नडग्यांसाठी आणि गुडघ्यांसाठी पॅड शिवले नसतेस. दुकानातले पॅड त्या बारक्या पायांवरून घसरायचे. बाहेरगावच्या टीम आपल्याला 'टॉवेलवाल्या' म्हणून हसायच्या. तू त्यांना पॅड दाखवून विचारायचीस, "पाहिजे काय तुमाला? धुतलं तर रंग जात न्हाय."

माझ्या भुवईवरचा व्रण तुला पाठ होता. सांगोल्याचं ते मैदान, खडे नुसते. तू बहिणीच्या लग्नाला गेली होतीस आणि तुझ्या जागी दुसरीच कुणी माझ्यामागे होती. फॉरवर्ड आली. मी निघाले. हाक आली नाही. मी पुढे गेले नाही आणि मागेही आले नाही, मधेच थांबले. चेंडू उडाला तो कपाळावर. शुद्धीवर आले तेव्हा डोळ्यांत रक्त होतं आणि पहिला विचार हा, की नंदा असती तर असं झालं नसतं. तो विचार माझ्या डोक्यातून आजतागायत गेलेला नाही. तू नसलीस की लागतं, एवढंच मला ठाऊक आहे. आता सांग, मी कशी झोपू?

शेवटच्या संध्याकाळीही आपण भांडलोच. विभागीय सामने तोंडावर आले होते. समोर येणारी टीम आपण पाहिली होती. त्यांच्या पोरी अशा दणकट, की आपल्या त्यांच्या सावलीत मावल्या असत्या. म्हणून मी रुपालीला आणलं. मोडनिंबची पोरगी, मामाकडे राहून आमच्या शाळेत शिकते, गोळाफेकीत पहिली येते. तू पायरीशी उभी राहून, गुडघा वर घेऊन, त्यावर पॅड ठेवून शिवत होतीस. रुपालीकडे बघून म्हणालीस, "गुणाची हाय पोरगी. ठेव की टीममधी. पन पहिली धावणारी गिरिजाच."

"अगं पण नंदे, त्यांचा फटका बघितलास ना? का एवढा हट्ट? बारकीच का?"

तू सुई दातात धरून हसलीस. "उद्या सांगती. नीट सांगती तुला, दाखवूनच. आता कारखान्यात जायचंय."

अर्धं शिवलेलं पॅड माझ्या पिशवीत टाकलंस आणि गेलीस. दुसऱ्या दिवशी दुपारी तुझ्या घरून भावजींचा फोन आला. दवाखान्यात पोचायच्या आतच सगळं झालं होतं. त्या दिवसापासून फोन वाजला की मी हातातलं काम टाकून उठते. घरचे म्हणाले, आवाज बंद ठेव. मी तोही ठेवत नाही, कारण बंद ठेवल्यावर काय काय घडत असेल याची भीती त्याहून मोठी.

पंधरवड्याने गिरिजा ग्राउंडवर आली. तिला सोडायला भावजी आले होते. तुझी स्कूटी त्यांना चालवायला जमत नव्हती, पाय लांब सोडून कशीबशी आणली होती. पोरगी आत गेल्यावर म्हणाले, "टीचर, तिला आडवलं तर जेवत न्हाय. आणि सोडलं तर माझ्या घशाखाली घास जात न्हाय. तुमी काय म्हनता?" मी म्हटलं, बघते. ते हात जोडून म्हणाले, "तुमच्या हवाली हाय." त्यांनी मला रागावून बजावलं असतं तर बरं झालं असतं. हवाली हा शब्द ऐकून माझी पाचावर धारण बसली.

मी त्याच दिवशी मनाशी ठरवून टाकलं. गिरिजाला पहिली धावणारी ठेवायची नाही. एका घरातून एक जण गेलं, पुरे झालं. वाद मी जिंकला, नंदे, कारण तू बोलायला नव्हतीस. असला विजय कुणाच्या शत्रूलाही नको.

रुपालीला मी गिरिजाच्या जागी उभं केलं आणि चेंडू मारायला आपल्या कप्तानाला सांगितलं. रुपाली निघाली ती रोड रोलरसारखी. जोर भरपूर, पण ती निम्म्या वाटेत असतानाच चेंडू सुटला आणि तिच्या कानाला वारा घालून गेला. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तर ती कान चोळत उभी, "काय न्हाय टीचर, वारं लागलं की नुसतं." पुन्हा धावली, पुन्हा तसंच. चेंडू निघताना जमिनीलगत असतो आणि पुढे येताना उठत जातो. जी तोवर मारणारीच्या पायाशी पोचते, तिच्या नडगीला लागतो. जी अजून मधेच असते, तिच्या तोंडाला. हे मी मुलींना कितीदा शिकवलं असेल. पण बारकी का, याचं उत्तर त्यात आहे हे मला तिथे उभं राहून दिसलं. बारकी वेळेत पोचते. तुझं 'दाखवूनच सांगती' ते हेच होतं ना? माझ्या सगळ्या काळजीने मी त्या मोडनिंबच्या पोरीला नेमकं चेंडूच्या तोंडी दिलं होतं.

मग मी छातीवर दगड ठेवून गिरिजाला पाठवलं. आणि नंदे, तीही मधेच थांबली. भुंग्यासारखी सुटणारी तुझी पोरगी निम्म्या वाटेत थबकली आणि मागे वळून बघायला लागली. मी किंचाळले, "थांबू नकोस! मधे थांबायचं नाही!"

ती तिथूनच म्हणाली, "मावशी, हाक नाही आली."

सगळ्यांनाच कळलं. प्रॅक्टिसला ती हाक नेहमी तूच द्यायचीस, गोलच्या मागे उभं राहून. खरं तर ती मागच्या पोरीने द्यायची असते. पण तुझ्या आवाजापुढे दुसऱ्या कुणाला तोंड उघडायची गरजच कधी पडली नव्हती. मी रुपालीला मागे उभं केलं आणि म्हटलं, दे हाक. ती लाजली. अंगाने एवढी पोरगी, आवाज उंदराचा. "मागं मी हाय" असं काहीतरी ती आपल्या पोलक्याला सांगितल्यासारखं पुटपुटली.

त्या संध्याकाळी सगळ्या गेल्यावर मी पायरीवर बसून तुझं अर्धं पॅड शिवलं. माझे टाके तुझ्यासारखे नाहीत, वाकडे आहेत. शिवता शिवता आपल्या वादाचा उलगडा झाला, आणि तुला सांगायला तू नव्हतीस. तू बारकीची बाजू घेत होतीस, कारण सगळं आयुष्य तू मागे उभी राहून मला पुढे जाताना पाहिलंस. मी दांडगीची बाजू घेत होते, कारण मी तुला खेळताना कधी पाहिलंच नाही. नियमच तसा होता. मी तुला फक्त ऐकलं. तू माझी तारीफ करत होतीस आणि मी तुझी, आणि इतकी वर्षं आपण त्याला भांडण म्हणत होतो. हे आधी कळतं तर तुला म्हटलं असतं, बाई, गप्प बस आता, पटलं मला. मग तू खूश झाली असतीस की भांडण संपलं म्हणून हिरमुसली असतीस, ते काही सांगता येत नाही.

पण उलगडा झाला म्हणून भीती गेली नाही. भिंत गेल्यावर पालीने काय करायचं, हे उत्तर त्यात नव्हतं.

गिरिजा पुढे, रुपाली मागे, असं ठरवून आम्ही तयारीला लागलो. रुपालीला मी रोज सुट्टीत मैदानाच्या त्या टोकाला उभं करून ओरडायला लावलं. ती ओरडायची आणि माझाच घसा बसायचा, कारण मीही तिच्याबरोबर ओरडायचे. स्टाफरूममधून मला कुणीतरी विचारलं, बाई, बरं वाटतंय ना?

सामना बाहेरगावी, निळ्या टर्फवर. आपल्या पोरींनी टर्फ असं हाताने चाचपून पाहिलं, नवी सतरंजी बघावी तसं. पहिला गोल आपल्यावर लवकर झाला. त्यानंतर मात्र दोघींनी काही सुटू दिलं नाही, नंदे. रुपाली जिथे उभी राहिली तिथून कुणाला वाट मिळेना, आणि गिरिजा तिच्या पुढे सुईसारखी फिरत होती. तरी मी बाकावर बसू शकले नाही. शाळेने दिलेल्या खुर्चीवर माझी पिशवी होती.

शेवटी शेवटी त्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. मारायला तीच, उंच, दणकट. गिरिजाने तोंडावर जाळीचा मास्क चढवला, तुझं पॅड नीट केलं आणि गोलरेषेवर येऊन उभी राहिली. पॅडवर माझे वाकडे टाके मला इतक्या लांबून दिसत होते. माझ्या मनात काय काय येऊन गेलं, ते लिहायचीही मला भीती वाटते. भावजींचे जोडलेले हात. माझ्या डोळ्यांतलं सांगोल्याचं रक्त. एक क्षण वाटलं, आत जाऊन तिला हाताला धरून बाहेर आणावं. नियमबियम गेले खड्ड्यात.

चेंडू निघाला. मी ओरडले. नंदे, माझ्या घशातून तो आवाज कुठून आला मला माहीत नाही. ओरडले तेही माझ्या भाषेत नाही, तुझ्या. "जा! मागं मी हाय!" आणि डोळे मिटले नाहीत. ती गेली. मधे थांबली नाही, वळली नाही. थेट त्या पोरीच्या पायाशी. धप्प असा आवाज आला, ओल्या कपड्यांचं गाठोडं आपटावं तसा, आणि चेंडू रेषेबाहेर घरंगळत गेला. गिरिजा खाली पडली होती. मग उठली. दोन्ही पायांवर उठली, आणि नडगी चोळत पुन्हा आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

आपण हरलो. त्या एका गोलानेच हरलो. तू असतीस तर परतीच्या गाडीत माझं डोकं खाल्लं असतंस.

मोडनिंबला रुपालीचे वडील फाट्यावर भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन उभे होते. सगळ्या खाली उतरून जेवल्या. गिरिजा माझ्याशेजारी बसली होती, पाय पुढे करून. पॅडखाली निळं झालं होतं, पण हाड शाबूत होतं. मी तिच्या नडगीवर हात ठेवला आणि थोडी शाबासकी मिळवायचा मोह मला आवरला नाही. म्हटलं, "ऐकलीस ना माझी हाक? बघ, जमलं की नाही मला?"

ती भाकरी चावत राहिली. मग म्हणाली, "नाही मावशी. केवढा गोंधळ होता तिथं. मला काहीच ऐकू नाही आलं. तुमचं पण नाही, रुपालीचं पण नाही."

"मग गेलीस कशी?"

"भीती वाटली लई. पण म्हटलं, म्हणत असणारच की कुणीतरी. नाही ऐकू आलं म्हणून काय झालं?"

पाणी आणते म्हणून उठले आणि गाडीच्या मागे जाऊन रडले, तुला माती दिली त्या दिवशी रडले नव्हते तेवढं.

उद्या संध्याकाळी पुन्हा प्रॅक्टिस आहे. भावजी गिरिजाला सोडायला येतील आणि हात जोडतील. पुढचे सामने आहेत, त्यांतही दणकट पोरी असतील, फटके असतील. मला भीती वाटते आहे, नंदे, जशी आठवीत वाटत होती तशीच. कान देऊन ऐकते, काही ऐकू येत नाही. मी मागे वळून बघणार नाही. तू म्हणत असशील असं धरून मी जाते.